दोन मणके एक कसे होतात?

पाऊस जमला की भंडारा जिल्ह्यात लाखनी, साकोली, पवनीकडच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. भाताचे पऱ्हे उपटायचे, चिखलात नेऊन लावायचे, आणि हे सगळं कमरेतून वाकून, दिवसभर. असे तीस-चाळीस पावसाळे काढलेली एखादी बाई पुढे कधीतरी वेगळीच तक्रार सांगू लागते. बांधीत वाकून काम करताना पाय दुखत नाहीत, पण संध्याकाळी ताठ चालत घरी निघालं की शंभर पावलांत पायांना मुंग्या येतात, जडपणा येतो, खाली बसावं लागतं. बसलं की बरं वाटतं, उठून चाललं की पुन्हा तेच. नागपूरला एमआरआय होतो आणि डॉक्टर सांगतात, "मणका सरकलाय. नस मोकळी करून दोन मणके जोडावे लागतील."

मग घरात जे प्रश्न निघतात ते फार नेमके असतात. जोडायचे म्हणजे आधी तुटले होते का? पाठीत स्क्रू बसल्यावर माणूस वाकतो कसा? आणि तिचा स्वतःचा प्रश्न असतो, "मंग रोवण्याले जाता येईन का?"

या प्रश्नांची उत्तरं समजायची तर एक गोष्ट आधी पक्की करावी लागते. स्क्रू मणके जोडत नाहीत, नुसते धरून ठेवतात. जोडतं ते हाड, आणि त्याला कित्येक महिने लागतात. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येतो तो रुग्ण खरं तर न जुळलेले मणके घेऊनच बाहेर येतो. जुळण्याचं काम त्यानंतर, घरी, त्याच्याच अंगात चालतं.

पेलायचं आणि हलायचंही

कण्याकडून आपण परस्परविरोधी कामं मागतो. त्याने अंगाचा भार पेलावा, डोक्यावरच्या भाऱ्याचाही पेलावा, आणि तरी वाकावं, वळावं. शिवाय आतली मज्जातंतूंची वाट सुरक्षित ठेवावी. जन्मतः आपल्याला साधारण ३३ मणके असतात: मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४ किंवा एखादा कमी-जास्त. यातले त्रिकास्थीचे पाच मणके पंचविशीपर्यंत आपोआप जुळून एकच हाड होतात. म्हणजे मणके जुळवणं हे शरीराला मुळीच अनोळखी काम नाही. प्रत्येकाच्या अंगात ते एकदा होऊन गेलेलं असतं.

वरचे मणके मात्र सुटे राहतात. त्यांच्यातल्या बहुतेक शेजारच्या दोन मणक्यांमध्ये तीन ठिकाणी सांधा असतो. पुढे डिस्क, म्हणजे ज्याला आपण गादी म्हणतो ती, आणि मागे डाव्या-उजव्या बाजूला दोन लहान सांधे. गादीचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं आणि आतला गाभा ओलसर, लिबलिबीत. वय वाढतं तसं गाभ्यातलं पाणी कमी होतं आणि गादी बसकी होते. गावोगावी ऐकू येणारा "मणक्यात गॅप पडला" हा निदानाचा प्रकार बहुतेकदा याच बसक्या गादीबद्दल असतो. तिथे जागा वाढलेली नसून कमी झालेली असते, आणि पन्नाशीनंतरच्या कितीतरी धडधाकट माणसांच्या एक्स-रेमध्ये ती तशीच दिसते.

पुढच्या गाद्या आणि मागच्या सांध्यांच्या मधून एक नळी जाते. तिच्यात वरून मज्जारज्जू येतो, पण तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा नुसता झुपका असतो. कमरेची बहुसंख्य ऑपरेशन्स चौथ्या-पाचव्या मणक्याजवळ होतात, म्हणजे मज्जारज्जूच्या बऱ्याच खाली. "मणक्याला हात लावला की पाय जातात" या भीतीला इथे फारसा आधार नाही. एखाद्या नसेला इजा होऊ शकते, ती गोष्ट वेगळी.

आता त्या बाईच्या तक्रारीकडे पाहा. पुढे वाकलं की ही नळी थोडी रुंद होते, ताठ झालं की अरुंद. तिचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकलाय, मागचे सांधे झिजून जाड झालेत आणि नळी आधीच चिंचोळी झाली आहे. म्हणून वाकून काम जमतं आणि ताठ चालणं जमत नाही. ही तक्रार असलेले कित्येक लोक सायकल आरामात चालवतात, कारण सायकलवर आपण पुढे झुकलेले असतो. रोवणीनेच मणका सरकला, असं मात्र लगेच म्हणू नये. असं सरकणं पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये सगळीकडेच जास्त दिसतं, ज्यांनी चिखलात कधी पाय घातला नाही त्यांच्यातही.

जोडण्याची वेळ कधी येते

मणका सरकणं हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे मोडणं. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला छपरावर चढलेला माणूस, चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेला पोरगा, महामार्गावर दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण. यांच्यात मोडतात ते बहुधा छातीचे शेवटचे आणि कमरेचे पहिले मणके. वरचा छातीचा भाग बरगड्यांनी बांधलेला, खालचा कमरेचा भाग मोकळा, आणि पडण्याचा सगळा जोर त्यांच्या सीमेवर येऊन आदळतो. मोडलेल्या मणक्याचा तुकडा मागे नळीत घुसला, किंवा मागचे बंध तुटून मणका डगमगू लागला, तर त्याला धरून ठेवावं लागतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण गावात होणारं नुकसान इथेच होतं. पडलेल्या माणसाला काखेत धरून उभं करतात, पाणी पाजतात, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेतात. मणका मोडलेला असेल तर नसांवरचा घाव त्या प्रवासात पुरा होऊ शकतो. तसं न करता त्याला जागेवरच ठेवा, १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर तीन-चार जणांनी मिळून मान, पाठ आणि पाय एका रेषेत धरून अख्खं अंग एकदम वळवा आणि फळीवर किंवा दारावर सरकवा.

तिसरं कारण म्हणजे क्षय. फुप्फुसातला क्षय सगळ्यांना माहीत असतो, मणक्यातला माहीत नसतो. जंतू रक्तातून मणक्यात येतात, दोन शेजारी मणक्यांच्या कडा आणि मधली गादी खातात, पू साचतो आणि मणका पुढून खचल्यामुळे पाठीवर कुबड निघतं. महिनोन्महिने पाठ दुखतेय, रात्री जास्त दुखतेय, वजन उतरलंय, संध्याकाळी कणकण येतेय, तर मलम चोळत बसू नये.

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा जन्मच क्षयामुळे झाला. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोन शल्यविशारदांनी वेगवेगळ्या पद्धतींनी तो प्रयोग केला. हिब्ज यांनी मणक्यांच्या मागच्या हाडाच्याच कपच्या काढून एका मणक्यावरून दुसऱ्यावर पसरल्या. आल्बी यांनी रुग्णाच्या नडगीच्या हाडाची पट्टी कापून ती मणक्यांच्या मागच्या टोकांत बसवली. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. सडलेला भाग हलू दिला नाही तर तो शांत होईल, एवढाच हिशेब होता. धातूचा तुकडाही नव्हता, त्यामुळे रुग्ण महिनोन्महिने प्लास्टरमध्ये पडून राही.

औषधं आल्यावर प्रश्न बदलला. प्रत्येक मणक्याच्या क्षयाला कापायचं का? याचं नेमकं उत्तर भारतातून गेलं. बनारस हिंदू विद्यापीठातले डॉ. सु. म. तुली यांनी १९७५ मध्ये आपल्या "मधल्या मार्गा"चे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी औषध द्यायचं, आणि पायांची ताकद कमी होत चालली, औषधाने फरक पडला नाही किंवा कणा फारच वाकू लागला तरच शस्त्रक्रिया करायची. आज मणक्याच्या क्षयाचे बहुतेक रुग्ण नुसत्या औषधांवर बरे होतात. उपचार साधारण वर्षभर चालतात, कधी दीड वर्ष. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. ज्यांना ऑपरेशन लागतं त्यांच्या घरच्यांना एक शंका हटकून येते: पू झालेल्या जागी धातू कसा चालतो? साधे पू करणारे जंतू धातूवर चिकट थर करून दडून बसतात, मग औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. क्षयाचे जंतू धातूला तितके चिकटत नाहीत. म्हणून औषधं चालू असतील तर क्षयाच्या जागीही स्क्रू घालता येतात.

या तिन्हींशिवाय वाढत्या वयातल्या मुलामुलींचा कणा बाजूला वाकणं, मणक्यातली गाठ, अशी आणखीही कारणं आहेत. त्यात इथे शिरत नाही.

आणि कधी येत नाही

नुसती कंबर दुखते म्हणून मणके जोडणं हा बहुतेकदा चुकीचा सौदा आहे. माझं हे मत थोडं कडक वाटेल, पण त्यामागे आधार आहे. गादी सरकून पायात कळ जाते, त्या दुखण्यातले बहुतांश रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत औषध, हालचाल आणि धीर यांवर सावरतात. न सावरले तर गादीचा बाहेर आलेला तुकडा काढणं पुरतं, जोडणी लागत नाही.

चिंचोळ्या झालेल्या नळीचंही असंच. स्वीडनमध्ये ५० ते ८० वयाच्या २४७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची फक्त नस मोकळी केली, निम्म्यांची नस मोकळी करून मणकेही जोडले. यातल्या अनेकांचा मणका सरकलेलाही होता. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी पाहिलं तर चालण्यात आणि रोजच्या कामात दोन्ही गटांत फरक नव्हता. जोडणी केलेल्यांचं रक्त जास्त गेलं, रुग्णालयातले दिवस आणि खर्चही वाढला. त्याच वेळी अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासात मणका सरकलेल्यांना जोडणीचा थोडा फायदा दिसला. २०२१ मध्ये नॉर्वेतल्या २६७ रुग्णांच्या अभ्यासाने कौल पुन्हा नुसती नस मोकळी करण्याच्या बाजूने दिला. म्हणजे सरकलेला प्रत्येक मणका जोडायलाच हवा असं नाही. हालचालीबरोबर तो पुढे-मागे घसरतो का, हे वाकून आणि ताठ होऊन काढलेल्या एक्स-रेत दिसतं. अशा दोन फिल्म न काढताच जोडणी ठरली असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही.

याला एक अपवाद आहे, तो लक्षात ठेवावा. अचानक लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसण्याच्या जागेची संवेदना गेली, पायांतली ताकद झपाट्याने उतरू लागली, तर वाट पाहायची नसते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचायचं असतं.

स्क्रू जातो कुठून

मणक्याचे दोन भाग असतात. पुढचा जाड ठोकळा भार पेलतो, मागची कमान नसांच्या नळीवर छत धरते. या दोहोंना जोडणारे डावे-उजवे दोन आखूड, भक्कम हाडाचे दांडे म्हणजे पेडिकल. आजच्या बहुतेक शस्त्रक्रियांत स्क्रू मागून या दांड्यातून शिरतो आणि पुढच्या ठोकळ्यात जाऊन थांबतो. कमरेच्या पाचव्या मणक्यात पेडिकल १५ मिलिमीटरहून रुंद असतो. छातीच्या मधल्या मणक्यांत तो ४-५ मिलिमीटरच असतो. कमरेत वापरायचा स्क्रू ६-७ मिलिमीटर जाड आणि ४०-५० मिलिमीटर लांब. आतल्या बाजूची भिंत फुटली की लगेच नस. म्हणून प्रत्येक भोक पाडताना शल्यविशारद बोथट सळईने चारी भिंती चाचपतो, आणि टेबलाभोवती फिरणाऱ्या सी-आर्म या एक्स-रे यंत्रात दिशा पाहतो. एका मणक्यात दोन, म्हणजे दोन मणक्यांत चार स्क्रू. मग प्रत्येक बाजूच्या दोन स्क्रूंच्या डोक्यांतून साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीचा रॉड घालून नट आवळतात. बाहेरून पाहिलं तर सुतारकामच, फक्त लाकडाच्या आत जिवंत नसा.

इथपर्यंत यायला सत्तरेक वर्षं लागली. १८९१ मध्ये टेक्सासमध्ये बर्थोल्ड हाड्रा यांनी मोडलेल्या मानेचे मणके चांदीच्या तारेने बांधले होते. पन्नासच्या दशकात ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे पोलिओने वाकडी झालेली मुलं होती. श्वासाचे स्नायूच दुबळे, त्यामुळे प्लास्टर त्यांना सोसत नसे. हॅरिंग्टन यांनी स्टीलचा रॉड आणि आकडे बनवून कणा ताणून सरळ केला. सुरुवातीला त्यांनी फक्त रॉड घातला, हाड घातलं नाही. मुलं सरळ झाली आणि काही महिन्यांनी आकडे निसटू लागले, रॉड तुटू लागले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की ही शर्यत आहे: आधी हाड जुळतं की आधी धातू हरतो? त्यानंतर त्यांनी रॉडबरोबर हाडाची जोडणीही केली. मेक्सिकोत एदुआर्दो लुके यांनी मणक्यामणक्याला तारेने रॉड बांधला. पॅरिसमध्ये रेमंड रॉय-कामी यांनी १९६३ पासून पेडिकलमधून स्क्रू घालायला सुरुवात केली, आणि पुढे सगळ्या जगाने तीच वाट धरली.

या इतिहासातली मला सगळ्यात धाडसी वाटणारी गोष्ट धातूची नाही. कणा सरळ करताना नस ताणली गेली तर झोपलेल्या रुग्णाकडून कळणार कसं? १९७३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी यावर साधा उपाय लिहिला. पाठ उघडी असतानाच भूल हलकी करायची, रुग्णाला जागं करायचं आणि पायाची बोटं हलवायला सांगायची. हलली की पुन्हा झोपवायचं. आता नसांमधले विद्युत संदेश टिपणारी यंत्रं आली आहेत, तरी शंका आली की ही जुनी कसोटी आजही घेतात.

सेंटरिंग आणि स्लॅब

घराचा स्लॅब पडताना पाहिलेल्या प्रत्येकाला पुढचा भाग कळेल. खाली पाट्या आणि टेकू लावून सेंटरिंग उभं करतात, त्यावर काँक्रीट पडतं. पहिल्या दिवशी सगळा भार सेंटरिंगवर असतो. काँक्रीट घट्ट होत जातं तसा भार त्याच्याकडे जातो. काँक्रीट कच्चं राहिलं तर सेंटरिंग कितीही भक्कम असो, ते कायमचं छत धरू शकत नाही. स्क्रू आणि रॉड म्हणजे सेंटरिंग. फरक इतकाच की ते नंतर काढत नाहीत, कारण काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल आणि टायटॅनियम शरीराला त्रास देत नाही.

मग इथे काँक्रीट कुठून येतं? रुग्णाच्याच अंगातून. नस मोकळी करताना कमानीचं जे हाड काढतात ते फेकत नाहीत. साफ करून, बारीक तुकडे करून बाजूला ठेवतात. कमी पडलं तर कमरेच्या कडेच्या हाडातून चमचाभर घेतात. मग जोडायच्या मणक्यांची वरची कठीण साल खरवडून आतलं हाड रक्ताळेपर्यंत उघडं करतात आणि त्यावर हे तुकडे रचतात. शरीराला ही जागा मोडलेल्या हाडासारखी वाटते आणि दुरुस्ती सुरू होते. दुरुस्तीला तीन गोष्टी लागतात. हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी, त्यांना कामाला लावणारे रासायनिक संदेश, आणि पेशींना चढायला आधार. स्वतःच्या हाडात तिन्ही असतात, म्हणून ते अजूनही सर्वांत उत्तम. बाजारात मिळणारी कॅल्शियमची कृत्रिम भर फक्त आधार देते. हाडातच असे संदेश असतात, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं. संदेश देणारं प्रथिन आज औषध म्हणून मिळतं, पण महाग आहे आणि सगळीकडे वापरायचं नसतं.

पहिल्या आठवड्यांत तिथे रक्ताची गुठळी आणि मऊ पेशीजाल असतं. तीन महिन्यांपर्यंत कच्चं हाड एका मणक्यावरून दुसऱ्याकडे पोचू लागतं. सहा महिने ते वर्षभरात ते भार घेण्याइतकं पक्कं होतं, आणि त्यानंतरही शरीर त्याला घडवत राहतं. हाडाचा स्वभाव असा की दाब मिळेल तिथे ते वाढतं. कण्याचा बहुतांश भार पुढच्या ठोकळ्यांमधून जातो, म्हणून बरेच शल्यविशारद खराब गादी काढून तिच्या जागी हाड भरलेला छोटा पोकळ पिंजरा बसवतात. तिथे दाब भरपूर, म्हणून जुळणी चांगली होते. मागून गादीपर्यंत पोचण्याची ही पद्धत हवाईत राल्फ क्लोवर्ड यांनी चाळीसच्या दशकात सुरू केली. मुंबईत ती रुजवणाऱ्यांत सायन रुग्णालयात न्यूरोसर्जरी शिकवलेले, मूळचे गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव ठळक आहे. त्यांचं "ताठ कणा" हे आत्मचरित्र अनेक मराठी वाचकांनी वाचलेलं असेल. गादीकडे पोटाच्या बाजूने, कुशीतून किंवा मानेत समोरून जाण्याच्याही वाटा आहेत. वाट बदलते, काम तेच.

आणि हाड जुळलंच नाही तर? कारखान्यात रॉड-स्क्रूची चाचणी घेताना यंत्र त्यांना ५० लाख वेळा दाबून-सोडून पाहतं. हा आकडा मोठा वाटतो, पण चालणारा-वाकणारा माणूस काही वर्षांत तिथे पोचतो. हाड जुळलेलं असेल तर तोवर धातूवर भारच उरलेला नसतो. नसेल तर स्क्रू सैल होतो किंवा तुटतो. तुटलेला स्क्रू पाहून लोक कंपनीला दोष देतात. तो बहुधा न जुळलेल्या हाडाचा पुरावा असतो.

खर्रा

भंडाऱ्यात या विषयावर लिहायचं आणि खर्ऱ्याबद्दल लिहायचं नाही, हे शक्य नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून दिलेली ती पुडी बंदी असूनही पानठेल्यावर मिळते, आणि बाया-माणसं दोघंही खातात. ऑपरेशनआधी डॉक्टर "बिडी-सिगारेट ओढता का" असं विचारतात. उत्तर येतं, "नाही." खरंच ओढत नाहीत. खर्रा चालू असतो.

हाड जुळायला नव्या बारीक रक्तवाहिन्या त्या जागी पोचाव्या लागतात. निकोटिन रक्तवाहिन्या आकसतं आणि हाड बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. धूम्रपान करणाऱ्यांत मणके न जुळण्याचं प्रमाण जास्त असतं, हे वारंवार दिसलं आहे. सशांना नुसतं निकोटिन दिल्यावरही जोडणी बिघडली. निकोटिन धुरातून आलं की गालातल्या पुडीतून, रक्ताला फरक कळत नाही. स्लॅबवर रोज पाणी मारायच्या दिवसांतच कोणी पाणी तोडावं, तसं हे आहे. किमान महिनाभर आधीपासून हाड पक्कं होईपर्यंत खर्रा बंद, ही अट डॉक्टरांनी घातली नाही तरी रुग्णाने स्वतःला घालून घ्यावी. आणि विचारलं की खरं सांगावं.

वाढलेली साखर जखम आणि हाड दोन्ही बिघडवते. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या बायकांत स्क्रूची पकडच कच्ची राहते. त्यासाठी आधी हाडांची घनता तपासता येते, गरज पडली तर औषध देऊन मग ऑपरेशन करता येतं.

पूर्व विदर्भात आणखी एक तपासणी कधीच विसरू नये, ती सिकलसेलची. हा आजार इथल्या अनेक समाजांत आहे. भूल दिल्यावर अंगाला थंडी लागली, पाणी कमी पडलं, प्राणवायू कमी झाला तर या रुग्णांच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वळतात आणि रक्तवाहिन्या अडवतात. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ तयारी करू शकतो. घरात कोणाकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर ते सोबत न्या. शिवाय या आजारात हाडांतच कळा येतात, त्यामुळे अशा रुग्णाची प्रत्येक पाठदुखी मणका सरकल्याची नसते.

मग वाकता येतं का?

येतं. कमरेतून वाकणं म्हणतो त्यातला मोठा वाटा खुब्याच्या सांध्यांचा असतो. कमरेची मणक्यांची एक जोडी दहा-पंधरा अंश वाकते, आणि जोडायची वेळ आलेली जोडी आधीच अर्धी आखडलेली असते. त्यामुळे एक जोडी जुळली तर बहुतेकांना फरक जाणवतही नाही. बाजूला वाकलेला कणा सरळ करताना आठ-दहा मणके जोडले तर गोष्ट वेगळी. तिथे पाठ ताठच राहते.

त्या बाईला उत्तर द्यायचं तर असं: चालणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. घरातली हलकी कामं सहा आठवड्यांनंतर हळूहळू. या हंगामात रोवणी नाही. पुढच्या हंगामात, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं आणि डॉक्टरांनी होकार दिला तर. तोवर पऱ्ह्यांच्या जुड्या बांधायचं बसून करायचं काम दुसऱ्या कोणाकडून मागून घ्यावं. पुढेही काळजी आहेच, कारण जुळलेली जोडी हलायची थांबली की तिचा वाटा वरच्या-खालच्या जोडीवर पडतो आणि काही वर्षांनी काही जणांना तिथे त्रास होतो. म्हणूनच लागतील तेवढेच मणके जोडायचे, एकही जास्त नाही.

चौकट: ऑपरेशनला हो म्हणण्याआधी विचारा

• नुसती नस मोकळी करून भागेल का? जोडणी कशासाठी हवी?
• मणका हालचालीबरोबर घसरतो, हे कोणत्या फिल्ममध्ये दिसतं?
• किती मणके जोडणार आणि हाड कुठून घेणार?
• जंतुसंसर्ग, नसेला इजा, पुन्हा ऑपरेशन, यांचा धोका माझ्या वयात आणि माझ्या आजारांत किती?
• माझी साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल, हाडांची घनता तपासली का?
• हे ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का? योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवून भरती होण्याआधीच विचारा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे.

बरं वाटल्यानंतरचे महिने

नस मोकळी झाल्याचा आराम लगेच मिळतो. पायातली कळ काही दिवसांतच जाते आणि माणसाला वाटतं, काम झालं. खरं तर त्या वेळी हाड मऊच असतं. नेमकं याच टप्प्यावर आपल्याकडे पाठपुरावा तुटतो. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, तुमसर किंवा लाखांदूरहून त्याहून जास्त. एक दिवसाची मजुरी बुडते, बसभाडं लागतं, आणि दुखत तर काहीच नसतं. मग सहा महिन्यांची फिल्म राहून जाते आणि सैल झालेला स्क्रू दीड वर्षाने, दुखायला लागल्यावर सापडतो.

सुटी होताना मिळालेला कागद आणि त्यावर चिकटवलेली स्क्रू-रॉडची लेबलं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या रुग्णालयात ऑपरेशन करावं लागलं तर कोणत्या बनावटीचे स्क्रू आहेत हे त्यावरून कळतं. टायटॅनियम असल्यामुळे पुढे एमआरआयही करता येतो, फक्त आधी सांगावं लागतं. साधा एक्स-रे जिल्हा रुग्णालयातही निघतो. तो काढून ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवता येईल का, हे सुटीच्या दिवशीच विचारून घ्या, म्हणजे दर वेळी नागपूर गाठावं लागणार नाही. पण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष, या चार फिल्म चुकवू नका. पाठ अजिबात दुखत नसेल तरीही.